धुरपताने मांडलेला सहावा विषय

धुरपता मडावीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीवर गुडघे टेकून एका नकाशावर वाकली होती. एटापल्लीतल्या आमच्या शाळेची एक खोली तिने रविवारच्या बैठकीसाठी मागून घेतली होती. किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून मला थांबावं लागलं. मनातून जरा वैतागलेच होते. पंचवीसेक बायका नकाशाभोवती बसल्या होत्या आणि धुरपता एका निळ्या रेघेवर बोट ठेवून विचारत होती, "हा नाला कोनता? बोला ना. रोज पानी भराले जाता इथी."

बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकीने नाल्याचं नाव सांगितलं, दुसरीने ते खोडून काढलं, तिसरी म्हणाली की मोहाची दोन झाडं तर इकडे पाहिजेत. तासाभरात त्या कागदावर अख्खं जंगल उभं राहिलं. मी किल्ली हातात धरून तिथेच बसले. भूगोल शिकवता शिकवता माझी नऊ वर्षं गेली होती, पण नकाशा असा वाचलेला मी पाहिला नव्हता.

धुरपता एटापल्लीपासून चौदा किलोमीटरवरच्या इरपीटोल्याची. माहेर धानोऱ्याकडचं, शिक्षण दहावीपर्यंत. त्या टापूत दहावी झालेली सून येणं ही मोठीच गोष्ट होती. म्हणून गावाने तिला ग्रामसभेची सचिव केलं, आणि सभेचं इतिवृत्त लिहिण्यापासून सुरू झालेलं तिचं काम हळूहळू आसपासच्या सतरा गावांत पसरलं. वनजमीन कसणाऱ्या कुटुंबाला पट्टा मिळतो, तो नवरा-बायको दोघांच्या नावाने असावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जुन्या कित्येक पट्ट्यांवर एकट्या नवऱ्याचं नाव होतं. बायकांची नावं कुठे गळली, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. धुरपता ती नावं परत घालायच्या मागे लागली होती. शिवाय बांबू आणताना वनखात्याच्या नाक्यावर एखादी बाई अडवली गेली, कुणाला पोलिसांत विनाकारण बसवून ठेवलं, की निरोप धुरपतालाच यायचा. ती सायकल काढायची आणि जायची. तिला धमक्या आल्या, तिच्यावर खोट्या तक्रारी झाल्या. त्या सगळ्या कागदांची तिने एक वेगळी फाईल केली होती, आणि ती फाईल ती हसत दाखवायची.

तिचा आणखी एक हट्ट होता. बाईने अंगठा द्यायचा नाही, सही करायची. साठी उलटलेल्या बुधरीआजीलाही तिने सही शिकवली. त्या सहीतला 'ध' पोट सुटल्यासारखा दिसायचा, पण आजी ती अशा थाटात करायची की समोरचा कारकूनही थांबून बघायचा.

तर अशी ही बाई घरी नवऱ्याचा मार खात होती. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

लालसू, तिचा नवरा, दारू पीत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण मारणारा म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. लालसू कष्टाळू होता, गळा गोड होता, लग्नात गाण्यासाठी त्याला दुसऱ्या गावांतून बोलावणं यायचं. मुलगी स्वाती त्याच्याकडून पोहायला शिकली, माग काढायला शिकली. सुरुवातीची दहा वर्षं बरी गेली असं धुरपता स्वतः सांगते. मग तिला बाहेरून बोलावणी येऊ लागली. बाजारात लोक लालसूला "सचिवबाईचा नवरा" म्हणू लागले. आधी तो नुसता अबोला धरायचा. मग विचारू लागला, "कुठी गेली होतीस? कोनासंग बसली होतीस?" मग सायकलीची हवा सोडून ठेवणं, मोबाइल लपवणं. एकदा त्याने तिची नोंदवही चुलीत घातली. पहिली थप्पड बसली ती एका बैठकीहून परतल्यावर, अंगणात. पुढे ते दर महिन्या-दोन महिन्यांनी होऊ लागलं. अशी नऊ वर्षं गेली.

"तुम्ही दुसऱ्या बायकांचे अर्ज लिहून देत होता," मी तिला नंतर विचारलं, "स्वतःचा का नाही लिहिला?"

ती म्हणाली, "मॅडम, लाज वाटत होती. मी मारखाऊ हाय हे कळलं तं माह्यावर विश्वास कोन ठेवीन? एखादी बाई माह्या भरोशावर नाक्यावर उभी राहते. तिले कसं वाटीन?"

हे सगळ्यात आधी ओळखलं ते सुलतानाआपाने. एटापल्लीच्या बसस्टँडमागे तिचं शिवणाचं दुकान आहे. नवरा रईस शेजारीच मोटारपंप दुरुस्त करतो. कायद्याची मदत कुठे आणि कशी मागायची, याचं प्रशिक्षण घेऊन आपा स्वयंसेवक झाली होती, त्यामुळे दुकानात कापडाइतकेच कागद. एका मे महिन्यात धुरपता ब्लाउज टाकायला गेली आणि बाही मनगटापर्यंत ठेवा म्हणाली.

"धुरपताबाई," आपा टेप लावता लावता म्हणाली, "मागच्या वर्षी बाही कोपरापर्यंत होती. आता एवढ्या गर्मीत काऊन?"

"जंगलात काटे लागतात, आपा."

"काट्यानं ओरखडा उठते. चार बोटांचे निळे डाग नाई उठत."

धुरपताने हात मागे घेतला. आपाने जोर केला नाही. वहीत माप लिहिलं आणि म्हणाली, "नसन सांगायचं तं नका सांगू. पन मी इथीच बसते. दहा ते सहा. शुक्रवारी जरा उशिरा उघडते."

धुरपता त्या दिवशी माप देऊन निघून गेली. पंधरा दिवसांनी ब्लाउज न्यायला गेली तेव्हा सगळं बोलली. आपाने शिलाई मशीन बंद करून ऐकलं. अर्ज कुठे करायचा, घरगुती हिंसेच्या कायद्यातला संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, नवऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश मिळू शकतो का, सगळं सांगितलं. पट्ट्यांच्या कामात धुरपताच्या सोबतीला एक संस्था होती, तिथे आधी विचारते असं तिने सांगितलं.

संस्थेचं काम गुणवंतराव पाहायचे. चंद्रपूरचे, वीस वर्षं या कामात असलेले, स्वतःची बॅग स्वतः उचलणारे. वाईट माणूस नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाले, "धुरपताताई, तुम्ही म्हणाल ते करू. फक्त पट्ट्यांवरच्या नावांच्या दाव्यांची सुनावणी होऊन जाऊ द्या. विरोधातले लोक टपलेलेच आहेत. म्हणतील, बघा, यांच्या घरातच हे. सतरापैकी ज्या अकरा गावांचे दावे लागलेत, तिथल्या बायकांचं काम अडेल."

धुरपता थांबली. आठ महिने थांबली.

सुनावणी जानेवारीत लागली. आदल्या सकाळी धुरपता पिशवीत कागद भरत होती. तीन दिवसांआधी बाजारात लालसूच्या चुलतभावाने त्याची थट्टा केली होती, "पट्ट्यावर बायकोचं नाव चढलं, मंग तू कुठी राहशीन रे?" लालसूने पिशवी धरली. म्हणाला, "उद्या जाची नाईस." तिने पिशवी सोडली नाही. त्याने तिचा उजवा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

"तोच घाबरला," धुरपता सांगते. "पानी आनलं त्यानं. माह्या तोंडाशी तांब्या धरला. मी पेली पन ते पानी."

मग ती डाव्या खांद्याला पिशवी अडकवून सडकेपर्यंत चालत आली आणि काळीपिवळी जीपमध्ये बसून एटापल्लीला पोचली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, हापशीवर पाय घसरला. मनगटाला प्लास्टर घालून ती आपाकडे राहिली.

दुसऱ्या दिवशीची सुनावणी चांगली झाली. तिने नकाशे मांडले, एकेका बाईला पुढे उभं केलं, कुणाचं शेत कुठल्या नाल्याला लागून आहे ते तोंडपाठ सांगितलं. अधिकारी मन लावून ऐकत होते. शेवटी हजेरीचा कागद आला. उजवा हात प्लास्टरमध्ये. कारकुनाने मान वर न करता शाईचा डबा पुढे सरकवला आणि धुरपताने डाव्या हाताचा अंगठा उठवला.

तिच्या मागे बुधरीआजी उभी होती. तिने आपली पोट सुटलेली सही केली, आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीशी धुरपताला थांबवलं. आजीला मराठी जेमतेम येतं. तरी ती मराठीतच बोलली, कदाचित सोबतच्या सगळ्यांना कळावं म्हणून.

"तू आमाले शिकवली, अंगठा देऊ नोको. आज तूच देली. तुले अंगठा देवाले कोन लावलं?"

"हापशीवर पडली, आजी."

"मी हापशी नाई इचारली. कोन, ते इचारली."

धुरपता तिथे, चहाच्या टपरीसमोर, भर दुपारी रडली. तिच्याभोवती अकरा गावांच्या बायका होत्या. कोणीतरी तिचा चहा थंड होऊ नये म्हणून वर बशी झाकली.

फेब्रुवारीत इरपीटोल्याची ग्रामसभा भरली. मी त्या दिवशी मुलांच्या दाखल्यांसाठी गावात गेले होते, म्हणून मला हे डोळ्यांनी पाहता आलं. सभा माडियात चालते. मला ती भाषा अर्धीच समजते, उरलेलं शेजारी बसलेल्या पत्रूने कानात सांगितलं. पाच विषय होते: बांबूची तोड, तळ्याची दुरुस्ती, असेच. धुरपताचा हात अजून गळ्यात होता, त्यामुळे इतिवृत्त लिहायला स्वाती बसली होती. ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती.

पाचवा विषय संपला. लोक उठायच्या बेतात होते. धुरपता म्हणाली, "आनखी एक विषय हाय. सहावा. लिही, स्वाती."

आणि तिने मजकूर सांगायला सुरुवात केली. इतर ठराव सांगते तशाच आवाजात, मराठीत, कारण इतिवृत्त मराठीत लिहितात. ग्रामसभेच्या सचिव श्रीमती धुरपता मडावी यांना त्यांचे पती मागील नऊ वर्षांपासून मारहाण करीत आहेत. दिनांक अमुक रोजी त्यांचा उजवा हात मोडला आहे.

स्वातीचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. समोर, पुरुषांच्या ओळीत, तिचा बाप बसला होता.

"आई, पती लिहू का नाव लिहू?"

"नाव लिही."

स्वातीने नाव लिहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण अक्षर सरळ आलं. ते पान मी नंतर पाहिलं आहे.

लालसू उठला. हे माझ्या घरातलं आहे, असं काहीसं म्हणाला. आणखी दोघांनी माना हलवल्या. घरातलं ते घरात, ग्रामसभेचा काय संबंध. तेव्हा बुधरीआजी बसल्या जागेवरूनच बोलली. पत्रूने मला ते असं सांगितलं: "माझी सून नाक्यावर अडवली तेव्हा ही गेली होती. तेव्हा कोणी म्हटलं नाही की ते बुधरीच्या घरचं आहे."

गावचा जुना माणूस सुकलू खाटेवर बसून होता. त्याने लालसूला एकच प्रश्न विचारला.

"हात तू मोडला का नाई?"

लालसूने खाली पाहिलं. मला वाटलं तो आता नाकारेल. सगळ्यांनाच वाटलं असावं.

"मोडला," तो म्हणाला.

त्या एका शब्दाने सभा बदलली. पुढची चर्चा तासभर चालली, आवाज चढले, लालसूची आई मध्येच उठून गेली. शेवटी ठरलं ते असं, की लालसूने मुलचेऱ्याकडे त्याच्या थोरल्या भावाच्या शेतावर राहायला जावं, धुरपताने बोलावल्याशिवाय घरात पाय ठेवू नये, आणि धुरपता कोर्टात अर्ज करणार असेल तर ग्रामसभा तिच्या बाजूने ठराव देईल. स्वातीने ठराव लिहिला. खाली सह्या झाल्या. चार पुरुषांनी केल्या नाहीत. लालसूने केली.

अर्ज आपाने भरला, संरक्षण अधिकाऱ्यांनी घरी येऊन जबाब घेतला, आणि सात महिन्यांनी कोर्टाचा आदेश आला: मारहाण करायची नाही, तिच्या कामात अडथळा आणायचा नाही, घर तिला राहायला. आदेशाची प्रत धुरपताने त्या धमक्यांच्या फाईलमध्ये लावली नाही. घरातल्या पेटीत, स्वातीच्या जन्मदाखल्यासोबत ठेवली.

सगळं गोड झालं असं नाही. सासू वर्षभर तिच्याशी बोलली नाही. दोन गावांनी तिला बैठकीला बोलावणं बंद केलं, घर फोडणारी बाई म्हणून. त्यातलं एक गाव पुढे स्वतःच आलं, दुसरं अजून नाही. पण ज्याची गुणवंतरावांना भीती होती ते घडलं नाही. दावे मंजूर झाले, पट्ट्यांवर बायकांची नावं चढली. ज्या दिवशी ते पट्टे वाटले त्या दिवशी गुणवंतरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी या बाईला थांबायला सांगितलं होतं. आठ महिने. ती माझी चूक होती." धुरपता म्हणाली, "बसा आता, भाऊ, जेवन थंडं होऊन राह्यलं."

लालसू भावाकडेच आहे. सुरुवातीला तो वाट पाहत होता, बोलावणं येईल म्हणून. एकदा नव्या भाताच्या सणाला गावात आला, चावडीवर बसला, आणि स्वातीच्या हाती निरोप धाडला की येऊ का. धुरपताने निरोप पाठवला, जेवून जा, राहू नको. तो जेवला, ताट स्वतः घासलं, आणि गेला. स्वाती महिन्यातून एकदा त्याला भेटायला जाते. धुरपता तिला कधी अडवत नाही, आणि परत आल्यावर काही विचारतही नाही.

आता चार वर्षं झाली. धुरपता पंचेचाळिशीची आहे. थंडीत मनगट ठणकतं, तेवढंच. सायकल जाऊन जुनी मोपेड आली आहे. दोन महिन्यांतून एकदा आपाच्या दुकानात सात-आठ बायका जमतात, सगळ्या कुठे ना कुठे लोकांच्या हक्कांसाठी धावणाऱ्या. एक कोरपन्याहून येते, सिमेंट कारखान्यांच्या धुळीविरुद्ध लढणारी रूही. वहिवाट अशी पडली आहे की गावांचं काम नंतर. आधी प्रत्येकीने आपल्या घरी काय चाललंय ते सांगायचं. पहिल्या बैठकीत आठपैकी पाच जणी गप्प राहिल्या होत्या. तिसऱ्या बैठकीत रूही बोलली. तिच्या घरचं अजून सुटलेलं नाही, पण आता ती एकटी नाही, आणि तिच्या नवऱ्यालाही ते माहीत आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये मला धुरपताचा फोन आला. "मॅडम, सात्या निंगाल्या. येता का?" सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी अळिंबी, दोन-चार दिवसांची पाहुणी. मी आणि आपा गेलो. पहाटेच्या ओल्या जंगलात धुरपता पुढे, आम्ही मागे. ती आम्हाला पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत होती आणि आपा दर दहा पावलांवर चपलेतला चिखल काढत कुरकुरत होती. टोपलीभर सात्या घेऊन घरी आलो. धुरपताने त्या मिठात धुतल्या, कांदा, लसूण, तिखट घालून चुलीवर ठेवल्या. स्वाती नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून भाकरी थापायला बसली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हल्ली अधूनमधून येतात. धुरपताने पाट सरकवला.

जेवताना मी तिला विचारलं, "एकटं वाटतं का हो कधी?"

तिने घास खाल्ला, खरंच विचार केला.

"वाट्टे ना. सांजेले वाट्टे कधी कधी," ती म्हणाली. "पन आता मी घरी येते तवा, मॅडम, फाटकापाशी मोपेड थांबवून घराकडं पाहत नाई, आत काय होईन म्हनून. सरळ आत जाते. हे लय बरं हाय."

मग तिने आपाच्या ताटात आणखी सात्या वाढल्या. आपा नको नको म्हणत राहिली आणि सगळ्या संपवून बसली.